कांठ नसलेली गांठ

बल्लाळाच्या भोजप्रबंधांत भोजराजाच्या मस्तकशूळाची एक कथा आहे. सरोवराच्या पाण्यानें नाक धूत असतां मासोळीचें एक इवलेंसें पिल्लूं राजाच्या नाकावाटे मस्तकांत शिरलें आणि तेव्हांपासून त्याला असह्य वेदना होऊं लागल्या. दरबारचे सारे वैद्य थकले. शेवटीं अश्विनीकुमार ब्राह्मणांच्या वेषानें आले. त्यांनीं चूर्णानें राजाला मोहित केलें, कवटी उघडली, आंतील मासोळी बाहेर काढली, कवटी पूर्ववत् सांधली आणि राजाला सावध केलें. बौद्धांच्या विनयपिटकांतही अशीच एक कथा येते. जीवक नांवाच्या प्रख्यात वैद्यानें राजगृहांतील एका श्रेष्ठीचें मस्तक उघडून त्यांतून दोन किडे काढले आणि ते जमलेल्या लोकांना दाखविले.

या कथांच्या आधारें प्राचीन भारतांत मेंदूवर शस्त्रक्रिया होत असत असें सिद्ध करूं पाहणाऱ्यांशीं वाद घालण्याचें येथें प्रयोजन नाहीं. माझें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. दोन्ही कथांत रोग हा बाहेरून आलेला आगंतुक आहे. मासोळी म्हणजे मेंदू नव्हे आणि किडा म्हणजेही मेंदू नव्हे. आगंतुकाला चिमट्यांत धरून बाहेर काढलें, चार लोकांना दाखविलें, कीं काम संपलें. मेंदूंतील गांठीविषयीं सामान्य माणसाची कल्पना आजही याहून फारशी वेगळी नाहीं. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीं तासन्‌तास तिष्ठत बसलेलीं घरचीं माणसें डॉक्टर बाहेर येतांच पहिला प्रश्न विचारतात तो हाच : "सगळें निघालें ना?" हा प्रश्न स्वाभाविक आहे, किंबहुना दुसरा कोणता प्रश्न त्यांनीं विचारावा? परंतु मेंदूच्या मारक गांठींच्या बाबतींत या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणें ही शस्त्रवैद्यकांतील अत्यंत अवघड गोष्ट ठरली आहे. या शस्त्रक्रियेचा गेल्या सुमारें १४० वर्षांचा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नाचा इतिहास होय.

प्रश्नाचें मर्म आपल्या पूर्वजांना अगदींच अज्ञात होतें असें मात्र नाहीं. अर्बुदाच्या चिकित्सेविषयीं लिहितांना सुश्रुतानें बजावलें आहे कीं, अर्बुद काढतांना त्याचा अंश मागें राहिला तर तें लवकरच पुन्हां वाढतें. म्हणून तें निःशेष काढावें, नाहींतर उरलेला अंश विस्तवासारखा घातक होतो. अशेष आणि सशेष हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावेत. पुढील सर्व कथा या दोन शब्दांमधील अंतराची आहे.

मेंदूच्या ठिकाणीं वाढणाऱ्या गांठी स्थूलमानानें दोन तऱ्हांच्या असतात. कांहीं गांठी मेंदूवरील आवरणांतून उगवतात. त्या मेंदूला दाबतात, पण त्याच्यांत मिसळत नाहींत. भुईमुगाच्या शेंगेंतून दाणा सुटावा तशा त्या, हात कुशल असेल तर, मेंदूपासून सुट्या करतां येतात. दुसरी तऱ्हा ग्लायोमा या नांवानें ओळखली जाते. मेंदूंत संवेदना आणि विचार वाहणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांना आधार व पोषण देणाऱ्या दुसऱ्या पेशींचें दाट जाळें त्यांच्या भोंवतीं असतें. विर्खो या जर्मन पंडितानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जाळ्याला सरसाच्या ग्रीक नांवावरून नांव दिलें. कारण त्याच्या मतें सर्व मेंदू एकत्र चिकटवून धरणारा तो जणूं सरसच होता. या सरसाच्याच पेशी बेताल होऊन वाढूं लागल्या म्हणजे ग्लायोमा होतो. त्यांतील सर्वांत मारक प्रकार तो ग्लायोब्लास्टोमा.

येथें मासोळी नाहीं. रोगाच्या पेशी मेंदूच्याच आहेत. पावसाळ्यांत जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीला ओल चढते. मध्यभागीं काळा, फुगलेला डाग स्पष्ट दिसतो. तेथील गिलावा बोट लावतांच गळून पडतो. पण ती ओल नेमकी कोठें संपली आणि कोरडी भिंत कोठें सुरू झाली, हें कोणाला दाखवितां येईल काय? ग्लायोमाची स्थिती तशीच आहे. मध्यें गांठ, भोंवतीं रोगी आणि निरोगी पेशींची सरमिसळ, आणि त्याही पलीकडे मेंदूच्या तंतूंच्या कडेकडेनें दूर निघून गेलेल्या एकेकट्या पेशी. या गांठीला कांठ नाहीं. आणि ज्या भिंतींत ही ओल शिरली आहे ती पाडून पुन्हां बांधतां येण्यासारखी नाहीं. ती माणसाची वाचा, स्मृति, चाल आणि स्वभाव यांची भिंत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या गांठींना हात लावण्याचें धाडस कोणी करीत नसे. त्याला तीन कारणें होतीं. पहिलें कारण वेदना. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग झाला आणि तें दूर झालें. दुसरें कारण जखमेचें सडणें. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक आम्लाच्या उपयोगाची आपली पद्धति प्रसिद्ध केली आणि तें निदान आटोक्यांत येण्याजोगें झालें. तिसरें कारण सर्वांत कठीण होतें. पोट दुखत असेल तर वैद्याला पोट चांचपतां येतें. कवटी मात्र सगळीकडून सारखीच टणक. आंत गांठ आहे हें लक्षणांवरून ओळखलें, तरी कवटी उघडावयाची कोठें?

याचें उत्तर शस्त्रवैद्यांनीं शोधलें नाहीं. तें निदानशास्त्रज्ञांनीं आणि प्रयोगशाळेंत काम करणाऱ्यांनीं शोधलें. १८६१ सालीं पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनीं वाचा गेलेल्या एका रोग्याचा मेंदू मरणोत्तर तपासून वाणीचें स्थान मेंदूच्या पुढच्या भागांत असल्याचें दाखविलें. १८७० सालीं बर्लिनमध्यें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट जागीं विजेचा सौम्य प्रवाह सोडला, तेव्हां विरुद्ध बाजूचे स्नायू हालले. इंग्लंडांत डेव्हिड फेरियर यांनीं हेच काम पुढें नेऊन हालचालींच्या स्थानांचे तपशीलवार नकाशे तयार केले. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या मंडळींनीं १८८१ सालीं फेरियर यांना न्यायालयांत खेंचलें होतें. तो खटला टिकला नाहीं. मेंदू म्हणजे सर्वत्र एकसारखा गोळा नसून त्यांत प्रत्येक कामाचा मुलूख नेमलेला आहे, ही गोष्ट हळूहळू प्रस्थापित झाली. झटका प्रथम हाताला येतो कीं चेहऱ्याला, एवढ्यावरून आंतील गांठीचा पत्ता सांगणें आतां शक्य झालें. ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूइन यांनीं १८७९ सालीं चौदा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूवरील आवरणाची गांठ काढली. ती मुलगी पुढें आठ वर्षें जगली. पण ती गांठ शेंगेंतल्या दाण्यासारखी, वेगळी निघणारी होती.

ग्लायोमाशीं पहिला प्रसिद्ध सामना झाला तो लंडन येथें, २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं. रोगी स्कॉटलंडचा पंचवीस वर्षांचा तरुण शेतकरी होता. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला व डाव्या हाताला झटके येत. पुढें तो हात लुळा पडत गेला. डोकें भयंकर दुखे आणि उलट्या थांबत नसत. अपस्मार व पक्षाघात यांच्यासाठीं असलेल्या रीजंट्स पार्कजवळील रुग्णालयाचे वैद्य ह्यूज बेनेट यांनीं या लक्षणांवरून निदान केलें कीं, मेंदूच्या उजव्या भागांत, हालचालींच्या पट्ट्याच्या मध्याजवळ, एक लहान गांठ असली पाहिजे. कवटीवर बाहेरून कोणतीही खूण नव्हती. लिस्टर यांचे भाचे रिकमन गॉडली यांनीं, बेनेट यांनीं सांगितलेल्या जागीं कवटी उघडली. फेरियर आणि थोर मज्जारोगतज्ज्ञ ह्यूलिंग्स जॅक्सन हे तेथें हजर होते. मेंदूचा पृष्ठभाग वरून जवळजवळ निरोगीच दिसत होता. गॉडली यांनीं त्यावर छेद घेतला, आणि पाव इंचाच्याही आंत, अक्रोडाएवढी गांठ लागली.

त्या क्षणीं तेथें जमलेल्या मंडळींना काय वाटलें असेल याची कल्पना करावी. केवळ हाताच्या झटक्यांवरून बांधलेला तर्क, आणि शस्त्राखालीं तंतोतंत तेथेंच गांठ! शुद्धीवर आल्यावर रोग्याची डोकेदुखी थांबली, उलट्या थांबल्या, झटके थांबले. 'टाइम्स' पत्रांत या शस्त्रक्रियेवरून प्राण्यांवरील प्रयोगांच्या उपयुक्ततेसंबंधीं मोठा वाद माजला. परंतु लिस्टर यांच्या भाच्याच्या हातून झालेल्या या शस्त्रक्रियेच्या जखमेंत अखेर जंतूंचा शिरकाव झालाच, आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं तो तरुण दगावला. ठिकाण सांपडलें होतें. कांठाचा प्रश्न मात्र पुढें येण्यापूर्वींच मृत्यूनें तो झांकून टाकला.

पुढील चाळीस-पन्नास वर्षें शस्त्रवैद्यांची सर्व शक्ति रोग्याला शस्त्रक्रियेंतून जिवंत बाहेर आणण्यांतच खर्ची पडली. या पर्वाचे नायक हार्वी कुशिंग. अमेरिकेंतील या करड्या शिस्तीच्या पुरुषानें मेंदूच्या शस्त्रक्रियेला एक स्वतंत्र विद्या बनविलें. पूर्वींचे सर्जन झपाट्यानें काम उरकण्यांत भूषण मानीत. कुशिंग तासन्‌तास, इंचाइंचानें, एकेक रक्तवाहिनी बंद करीत पुढें सरकत. १९११ सालीं त्यांनीं बारीक रक्तवाहिन्या चिमटण्यासाठीं चांदीच्या तारेचे चिमटे प्रचारांत आणले. १ ऑक्टोबर १९२६ रोजीं विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञानें तयार केलेलें विजेचें यंत्र घेऊन त्यांनीं एका रोग्याची रक्तानें गच्च भरलेली गांठ काढली. कांहीं दिवसांपूर्वीं याच रोग्याची शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळें अर्धवट सोडावी लागली होती. विजेच्या उष्णतेनें वाहिन्या जागच्या जागीं मिटत गेल्या आणि काम तडीस गेलें. एप्रिल १९३१ पर्यंत कुशिंग यांनीं सूक्ष्मदर्शकानें खात्री केलेल्या २००० गांठींवर शस्त्रक्रिया पुऱ्या केल्या. ज्या शस्त्रक्रियेला एके काळीं देहदंडाचें रूप होतें, तिच्यांत दगावणाऱ्यांचें प्रमाण त्यांच्या अखेरच्या वर्षांत शेंकडा दहाच्या आसपास आलें.

याच काळांत कुशिंग यांनीं आपले सहकारी पर्सिव्हल बेली यांच्यासह १९२६ सालीं ग्लायोमांच्या वर्गीकरणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींचें रूप पाहून त्यांनीं ग्लायोमांच्या जाती लावल्या, आणि कोणत्या जातीचे रोगी किती काळ जगले हें शेजारीं मांडलें. त्यांतून एक कटु सत्य स्वच्छ पुढें आलें. कांहीं जातींचे रोगी वर्षानुवर्षें जगत होते. आज ज्याला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात त्या जातीचे सरासरीनें वर्षभरच. सर्जन तेच, हात तेच, हत्यारें तींच. शस्त्रक्रिया यशस्वी, जखम भरून आलेली, रोगी पायांनीं चालत घरीं गेलेला, आणि कांहीं महिन्यांनीं गांठ पुन्हां त्याच जागीं. शस्त्रक्रिया सशेष राहत होती.

मग अशेष करावयाची तर किती काढावें? या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर दिलें तें बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनीं. डँडी हे कुशिंग यांचेच शिष्य, आणि पुढें त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी. मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनीं त्यांचें चित्र घेण्याची युक्ति त्यांनीं १९१८ सालीं काढली. पोकळी कोणत्या बाजूस सरकली आहे, कोठें दबली आहे, यावरून गांठीचा ठाव लागूं लागला. याच डँडींनीं १९२८ सालीं जाहीर केलें कीं, ज्यांची डावी बाजू आधींच लुळी पडली आहे अशा पांच रोग्यांच्या मेंदूचा उजवा गोलार्ध त्यांनीं समूळ काढून टाकला. ओल किती पसरली आहे तें कळत नाहीं ना, मग अर्धें घरच उतरवावें, असा हा विचार. आश्चर्य हें कीं, अशा शस्त्रक्रियेनंतरही माणूस जगतो, बोलतो, आपल्या माणसांना ओळखतो, हें त्यांतून सिद्ध झालें. आणि दुःख हें कीं, तरीही रोग हटला नाहीं. राहिलेल्या अर्ध्या भागांतही तो उगवला. रक्तबीजाच्या प्रत्येक थेंबांतून नवा दैत्य उठत असे. देवीनें ते थेंब भूमीवर पडूं दिले नाहींत म्हणून तो मेला. पण येथें थेंब आधींच सर्व भूमींत मुरलेले होते.

निदानाची साधनें तरी त्या काळीं कितीशी भरंवशाचीं होतीं? प्रसिद्ध अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना १९३७ सालीं जळक्या रबराचा वास येई, चक्कर येई. पुष्कळांनीं तो मनाचा शीण मानला. जुलै महिन्यांत ते बेशुद्ध झाले. चेसापीकच्या उपसागरांत नौकेवर सुटी घालवीत असलेल्या डँडींना शोधून विमानानें आणण्याची धडपड झाली, पण तेवढी सवड उरली नव्हती. दुसऱ्या सर्जनांनीं शस्त्रक्रिया केली आणि ११ जुलै रोजीं, अवघ्या ३८ व्या वर्षीं, गर्श्विन निवर्तले.

डँडींनीं गोलार्ध काढल्याचें जाहीर केलें त्याच १९२८ सालच्या डिसेंबरांत, कॅनडांतील माँट्रियल येथें, या इतिहासांतील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग घडला. वाइल्डर पेन्फील्ड हे तेथें नुकतेच येऊन स्थिरावलेले ३७ वर्षांचे सर्जन. त्यांची वडील बहीण रूथ, सहा मुलांची आई, कित्येक वर्षें डोकेदुखीनें व झटक्यांनीं आजारी होती. भावानें तिचे डोळे तपासले आणि आंतील नसेची सूज पाहून त्याला कळून चुकलें कीं मेंदूंत गांठ आहे. इतक्या मोठ्या गांठीवर शस्त्रक्रिया करूं शकेल असा जवळपास दुसरा कोणी नव्हता. सख्ख्या बहिणीच्या मस्तकावर शस्त्र धरावें कीं नाहीं, या पेंचांतून त्यानें स्वतःच मार्ग काढला. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागांत प्रचंड ग्लायोमा निघाला. पेन्फील्ड यांनीं तो सारा भाग, हालचालींच्या पट्ट्याच्या अगदीं जवळपर्यंत, काढून टाकला. तरीही गांठ पूर्ण निघाली नाहीं. भावाला तें त्याच वेळीं ठाऊक होतें.

रूथ बरी झाली, मुलांत परत गेली. ती हंसे-बोले, तिची स्मृति शाबूत होती. सुमारें सव्वा वर्षानें एके सायंकाळीं तिनें भावाला जेवावयास बोलाविलें. घरचीं चार माणसें आणि हा एक पाहुणा, एवढाच बेत. ज्या बाईनें आयुष्यभर भरलें घर चालविलें, तिला यांत कांहींच अवघड नव्हतें. वेळ झाली तेव्हां ती स्वयंपाकघरांत गोंधळून उभी होती. सर्व जिन्नस समोर होते. एक-दोन पदार्थ चुलीवर होते. पण कोशिंबीर झाली नव्हती, मांस शिजत घातलें नव्हतें, आणि आधीं काय करावें व मागाहून काय, हें तिला कांहीं केल्या उमगेना. भावानें हात लावतांच सगळें चटकन् झालें. प्रत्येक काम तिला करतां येत होतें. कामांची सांगड घालणारें आंतलें सूत्र मात्र हरपलें होतें. १९३० सालीं गांठ पुन्हां वाढली, कुशिंग यांनीं तिच्यावर शस्त्रक्रिया केली, आणि १९३१ सालीं रूथ वारली. पेन्फील्ड यांनीं पुढें १९३५ सालीं एका शास्त्रीय निबंधांत त्या सायंकाळची हकीकत, कोणताही हळवेपणा न आणतां, नोंदवून ठेवली.

मला वाटतें, या विद्येला जी खोली आली ती त्या स्वयंपाकघरांत. तोंवर प्रश्न एकाच कांठाचा होता : रोग कोठें संपतो? आतां दुसरा कांठ दिसूं लागला : माणूस कोठें सुरू होतो? गांठीचा शेवटचा अंश काढण्याच्या नादांत रोग्याचें रोग्यपण जाण्याऐवजीं माणसाचें माणूसपणच काढून टाकलें जाईल, ही भीति होती. हे दोन्ही कांठ डोळ्यांना दिसत नाहींत आणि शस्त्र चालवावयाचें तें नेमकें त्या दोहोंच्या मधून. जर्मनींत ब्रेस्लाउ येथें ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याजवळ शिकलेली पद्धति पेन्फील्ड यांनीं आतां परमोत्कर्षास नेली. कवटीची त्वचा तेवढी बधिर करावयाची, रोग्याला जागें ठेवावयाचें, आणि मेंदूला मंद विजेचा स्पर्श करीत त्याच्याशीं बोलत राहावयाचें. मेंदूला स्वतःला वेदना नसते. एखाद्या जागीं स्पर्श होतांच बोट हाललें, शब्द अडखळला, तर ती जागा वर्ज्य. १९३४ सालीं त्यांनीं माँट्रियलची मज्जाशास्त्र संस्था उभी केली. याच संस्थेंत पेन्फील्ड यांच्या हाताखालीं शिकून आलेले जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत मज्जाशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. भारतांतील तो पहिला होय. रूथच्या मृत्यूनंतर उभ्या राहिलेल्या विद्येचा एक प्रवाह असा आपल्या देशांत आला.

त्याच १९४९ सालीं जॉन गंथर या ख्यातनाम अमेरिकन वृत्तलेखकाचें आपल्या मुलाच्या आजाराविषयींचें पुस्तक निघालें. मुलगा १९४७ च्या जूनांत, सतराव्या वर्षीं, मेंदूच्या मारक गांठीनें गेला होता. शस्त्रक्रियेनंतर सर्जननें बापाला सांगितलें कीं, गांठ संत्र्याएवढी होती आणि त्यांतली निम्मी निघाली. दाराशीं उभ्या असलेल्या प्रत्येक बापाच्या प्रश्नाला मिळालेलें इतकें स्वच्छ आणि इतकें कठोर उत्तर दुसरीकडे क्वचितच नोंदलेलें असेल.

यानंतरच्या काळांत दृष्टि तीक्ष्ण होत गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ विंबल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें एका बाईच्या मेंदूचे काप घेतल्यासारखीं चित्रें टिपलीं, आणि तिच्या पुढच्या भागांतील गांठ कवटी न उघडतां दिसली. बेनेट यांना जें अनुमानानें गांठावें लागलें होतें, तें आतां प्रत्यक्ष समोर आलें. हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पाठोपाठ चुंबकीय चित्रण आलें. त्याआधींच झुरिकच्या गाझी याशारगिल यांनीं शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शक रूढ केला होता. पुढें संगणकाच्या नकाशावर शस्त्राचें टोंक क्षणोक्षणीं दाखविणारीं साधनें आलीं. पण कवटी उघडून आंतील द्रव वाहून गेला, गांठीचा कांहीं भाग निघाला, कीं मेंदू थोडा खचतो आणि सकाळचा नकाशा दुपारीं खोटा ठरतो. शिवाय चित्रांत दिसते ती ओलीच्या मधली काळी जागा. तिच्यापलीकडे पांगलेल्या पेशी कोणत्याच चित्रांत उमटत नाहींत.

म्हणून कांठालाच रंग चढविण्याची युक्ति निघाली. मिनेसोटाच्या जॉर्ज मूर यांनीं १९४७-४८ च्या सुमारास फ्लुओरेसीन नांवाचें चमकणारें द्रव्य रोग्याला टोंचून गांठ उजळविण्याचा प्रयत्न केला होता. त्या कल्पनेला खरें फळ आलें तें जर्मनींत. शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं तास रोग्याला एक द्रावण पाजावयाचें; मारक गांठीच्या पेशींत त्याचें असें द्रव्य बनतें कीं, निळ्या प्रकाशाखालीं त्या गुलाबी-तांबड्या चमकूं लागतात आणि भोंवतालचा मेंदू निळा राहतो. वाल्टर श्टुमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं या पद्धतीच्या परीक्षणाचा निकाल प्रसिद्ध केला. साध्या प्रकाशांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ३६ जणांची दिसणारी गांठ पूर्ण निघाली होती. निळ्या प्रकाशांत शेंकडा ६५ जणांची. सहा महिन्यांनंतर रोग न वाढलेल्यांचें प्रमाण शेंकडा २१ वरून ४१ वर गेलें. मात्र एकंदर आयुष्य निश्चितपणें वाढलें असें त्या परीक्षणांत दिसलें नाहीं.

हा निकाल आशादायक मानावा कीं निराशाजनक? अमेरिकेंतील ४१६ रोग्यांच्या हकीकती तपासून २००१ सालीं असें दाखविण्यांत आलें होतें कीं, गांठीचा शेंकडा ९८ किंवा अधिक भाग काढलेले रोगी सुमारें १३ महिने जगले, इतर सुमारें ९. २००५ सालीं श्टुप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली. तेव्हां मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेलें, आणि दोन वर्षें जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १०.४ वरून २६.५ झालें. बाहेरच्या माणसाला अडीच महिने म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. ज्या घरांत मुलीचें लग्न दोन महिन्यांवर आलें आहे, किंवा नातवंडाची वाट पाहिली जात आहे, तेथें हा हिशोब निराळा होतो. शिवाय रूथच्या जातीच्या ग्लायोमांचा आज पेशींतील गुणसूत्रांवरून नेमका ठाव लागतो, आणि शस्त्रक्रिया, किरण व औषध यांच्या जोडीनें त्यांचे पुष्कळसे रोगी दहा वर्षांहून अधिक जगतात.

आजच्या शस्त्रक्रियागृहांत या इतिहासाचीं सर्व पानें एकत्र उघडीं असतात. लिस्टरची स्वच्छता, कुशिंगचा धीमेपणा, हाउन्सफील्डचें चित्र, श्टुमरचा निळा प्रकाश. लेझरच्या साहाय्यानें काढलेल्या तुकड्याचें जागच्या जागीं चित्र घेऊन दोन-अडीच मिनिटांत त्याची परीक्षा करणारी यंत्रणा २७८ रोग्यांवर पारखली गेली. २०२० च्या निकालांत ती अनुभवी परीक्षकांच्या तोडीची ठरली. आणि या सर्वांच्या मध्यें पेन्फील्डची रीत अजून जिवंत आहे. वाणीच्या मुलुखाजवळ गांठ असलेला रोगी शस्त्रक्रियेच्या मध्यावर जागा केला जातो. त्याच्यापुढें चित्रें धरतात : मांजर, छत्री, किल्ली. तो आपल्या मातृभाषेंत नांवें सांगतो. दोन भाषा बोलणारा असेल तर दोन्हींत त्याची परीक्षा घेतात, कारण दोहोंच्या जागा सर्वस्वी एकच असतात असें नाहीं. "छत्री" हा शब्द ओठांवर येऊन अडला, कीं सर्जनचा हात थांबतो. त्या शब्दाच्या खालीं गांठीचा अंश असेलही. तो तेथेंच राहूं दिला जातो.

म्हणजे आजचा उत्तम सर्जन कित्येकदां समजून-उमजून सशेष थांबतो. सुश्रुताच्या आज्ञेचा हा भंग आहे खरा. पण सुश्रुतापुढें हा दुसरा कांठ नव्हता. उरलेल्या अंशाचें पारिपत्य किरणांनीं, औषधांनीं, आणि उद्यां आणखी कशानें तरी करावें लागेल. शस्त्र तेथवर पोंचत नाहीं, हें शस्त्रवैद्यांनीं १९२८ सालींच पाहिलें आहे.

दारावरची मंडळी तोच प्रश्न विचारीत राहणार, आणि त्यांनीं तो विचारावाच. मासोळी काढून दाखविणारा वैद्य त्यांच्या वांट्याला येणार नाहीं. पण १८८४ त जी गोष्ट अशक्य होती, ती आज पुष्कळदां घडते. दार उघडतें, डॉक्टर "जेवढें सुरक्षितपणें काढतां येण्यासारखें होतें तेवढें काढलें" असें सांगतात, आणि तासाभरानें आंत गेलेल्या मुलीला बाप तिच्या नांवानें हांक मारतो.